कण्याच्या ऑपरेशनमध्ये मधेच जागं करणार असतील तर: घरच्यांनी करायची तयारी

पाठीचा बाक सरळ करण्याच्या ऑपरेशनचं संमतीपत्र वाचताना आईबाप हमखास एका ओळीपाशी थांबतात. गरज पडल्यास ऑपरेशन चालू असताना पेशंटला जागं करून पाय हलवायला सांगितलं जाईल, अशा अर्थाची ती ओळ असते. पाठ उघडलेली, मणक्यांत स्क्रू बसलेले, पोर पालथं पडलेलं, आणि अशा वेळी जागं करणार? मग भूल कशाला देताय, असं कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. हे लिहितोय ते गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडच्या अशा घरांसाठी, जिथे कुणाचं स्कोलियोसिसचं, म्हणजे कणा बाजूला वाकल्याचं, किंवा कुबडाचं ऑपरेशन ठरलंय. काहींचं ते बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात होईल, काहींचं खासगी हॉस्पिटलात, काही बेळगाव, मणिपाल किंवा मुंबईची वाट धरतील. कुठेही झालं तरी औषध कधी बंद करायचं आणि किती ठेवायचं, ते आमच्याकडे लागलं. पण गुंगीतून वर येणाऱ्या मुलाने पहिल्या हाकेला घाबरून न उठता शांतपणे पाय हलवणं, याची अर्ध्याहून जास्त तयारी आधीच्या आठवड्यात घरी होते. नेमकी तीच राहून जाते, कारण ती कुणी सांगत नाही.

जागं करायची गरज का पडते

कण्याचा बाक एक्स-रेवर अंशांत मोजतात. वाढत्या वयाच्या मुलामुलींत तो 45 ते 50 अंशांच्या पुढे गेला की साधारणपणे ऑपरेशनचा विषय निघतो. मणक्यांत स्क्रू बसवायचे, त्यांना धातूच्या दांड्या जोडायच्या आणि दांड्यांच्या आधाराने कणा सरळ आणायचा. कण्याच्या पोकळीत मज्जारज्जू असतो. वाकडा कणा सरळ करताना तो ताणला जाऊ शकतो, त्याचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो किंवा एखादा स्क्रू त्याच्या फार जवळ जाऊ शकतो. किशोरवयीन मुलांच्या नेहमीच्या स्कोलियोसिसमध्ये असं होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. पण झालं तर पाय जातात, म्हणून ते टेबलावर असतानाच कळायला हवं. दांडीचा ताण जितक्या लवकर सैल कराल तितकी ताकद परत येण्याची आशा जास्त.

अमेरिकेतल्या पॉल हॅरिंग्टन यांनी 1950 नंतरच्या दशकात दांड्यांची पद्धत रूढ करायला सुरुवात केली. त्या काळी पाय हलतात की नाही हे ऑपरेशन संपून पेशंट शुद्धीवर आल्यावरच कळायचं. 1973 मध्ये फ्रान्समधल्या वोझेल, स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने वेगळा मार्ग मांडला: दांडी बसवून झाली की भूल हलकी करा, पेशंटला पाय हलवायला सांगा, मग पुन्हा झोपवा. हीच वेक-अप टेस्ट, आजही स्तान्यारांच्या नावाने ओळखली जाणारी.

आता बहुतेक ठिकाणी न्यूरोमॉनिटरिंगचं मशीन असतं. घोट्याजवळच्या नसेला हलका करंट देऊन तो मेंदूपर्यंत पोचतो का ते एक चाचणी बघते. दुसरी उलट्या दिशेने जाते: डोक्यावर करंट देऊन पायाचा स्नायू हलतो का, हे पाहते. ही दुसरी पायाच्या ताकदीबद्दल बोलते, म्हणून तिच्यावर सगळ्यांची जास्त नजर असते. मशीन सतत चालू राहतं, वेक-अप टेस्ट मात्र त्या एका क्षणाचं सांगते. त्यामुळे मशीन असलं तर टेस्ट प्रत्येक ऑपरेशनमध्ये होत नाही. मशीन नसलं, सिग्नल पहिल्यापासूनच नीट येत नसले, किंवा मधेच पडले आणि सगळे उपाय करूनही परत आले नाहीत, तर जागं करतात.

तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मशीन आहे का, एक चाचणी होणार की दोन्ही, हे सर्जनना सरळ विचारा. उत्तर काहीही असो, तयारी करून ठेवा. सिग्नल पडला त्या क्षणी मुलाला काही शिकवता येत नाही.

कुठलं औषध काय करतं

डोस मी मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते वजनावर, वयावर आणि तब्येतीवर ठरतात. पण औषधांचे स्वभाव घरच्यांना माहीत असले की पीएसीला, म्हणजे ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांकडच्या तपासणीला, बोलणं नीट होतं.

मिडाझोलाम हे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेण्याआधी भीती घालवायला देतात. मूल सैलावतं, कधी असंबद्ध हसायला लागतं. त्याचा मोठा गुण म्हणजे ते दिल्यानंतरचं फारसं काही आठवत नाही. वेक-अप टेस्टच्या बाबतीत हाच गुण आडवा येतो. डोस जास्त झाला तर जाग यायला वेळ लागतो, आणि हे औषध दिल्यानंतर मुलाला काही समजावलं तर ते डोक्यात राहत नाही. म्हणून शेवटची उजळणी व्हायची ती मिडाझोलामच्या आधी. माझं मत विचाराल तर नीट तयारी झालेल्या पोराला ते फार थोडं पुरतं, कधी लागतही नाही. फार घाबरलेल्याला न देणं मात्र निष्ठुरपणा होईल.

प्रोपोफॉल पांढरं, दुधासारखं असतं. शिरेतून जाताना हाताला झोंबतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवावं. पंपावर सतत चालू ठेवता येतं आणि बंद केल्यावर तुलनेने लवकर उतरतं. मशीनच्या सिग्नलना ते भुलीच्या गॅसपेक्षा कमी त्रास देतं. सेव्होफ्लुरेन किंवा डेसफ्लुरेनसारखे गॅस सिग्नल दाबतात, त्यामुळे मॉनिटरिंग असेल तिथे गॅस टाळतात किंवा अगदी कमी ठेवतात. मात्र पाच-सहा तास पंप चालला की प्रोपोफॉल चरबीत साठत जातं आणि उतरायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतं. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ टेस्टच्या बरंच आधीपासून ते हळूहळू खाली आणत राहतो.

फेंटानिल हे वेदनाशामक. तेही तासन्‌तास चाललं की साठतं. रेमिफेंटानिल त्याच कुळातलं, पण रक्तात आणि ऊतींत झटपट फुटून जातं. कितीही वेळ चाललं असलं तरी बंद केल्यावर थोड्या मिनिटांत असर संपतो. त्याचा तोटाही त्यातूनच येतो: ते बंद झालं की वेदनेवरचं पांघरूणही एकदम निघतं, त्यामुळे जोडीला दुसरं वेदनाशामक आधीच चालू ठेवावं लागतं. टेस्टच्या वेळी दुखण्याचं औषध पूर्ण काढून घेत नाहीत, हे आईबापांनी पक्कं लक्षात ठेवावं. झोपेचं औषध उतरवायचं आणि वेदनेचं राखायचं, या जागेवरच आमचं सगळं कसब लागतं. नॅलोक्सोन देऊन फेंटानिलसारख्यांचा असर एका झटक्यात पुसता येतो. पण तसं केलं तर पेशंट दुखण्याने दचकून उठतो, रक्तदाब उसळतो. म्हणून ते अगदी नाइलाजाने आणि थोडं थोडं देतात.

डेक्समेडेटोमिडीन अलीकडे बरंच वापरतात. त्याने आलेली गुंगी झोपेसारखी असते: हाक मारली की डोळे उघडतात, सोडून दिलं की परत मिटतात. नाडी आणि रक्तदाब उतरवण्याची त्याला खोड आहे, आणि या ऑपरेशनमध्ये रक्तदाब उतरणं मज्जारज्जूला परवडत नाही. तेवढं सांभाळलं तर औषध चांगलं. केटामाईन थोड्या प्रमाणात दिलं तर सिग्नल टिकायला मदत होते आणि वेदनाही कमी होते.

राहिलं स्नायू सैल करणारं औषध: व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम. हे झोपही आणत नाही आणि दुखणंही थांबवत नाही, फक्त स्नायू हलू देत नाही. त्याचा अंश राहिला तर पोर शुद्धीवर येऊनही पाय हलवू शकणार नाही आणि खोलीतल्या सगळ्यांच्या काळजाचं पाणी होईल. म्हणून टेस्टआधी मनगटाजवळच्या नसेला चार बारीक झटके देऊन अंगठा चारही वेळा नीट हलतो का ते बघतात. नसेल हलत तर उतारा असतो: जुनं निओस्टिग्मीन, किंवा रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमवर सुगामाडेक्स.

पीएसीला काय सांगायचं

बीपी, दमा, ॲलर्जी, आधीचं ऑपरेशन हे सगळे सांगतात. जे बहुतेक जण सांगत नाहीत तेवढंच इथे लिहितो.

फिट्सची गोळी चालू असेल तर सांगा, आणि सांगितल्याशिवाय बंद करू नका. फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन बरेच महिने घेणाऱ्यांत स्नायू सैल करणारी काही औषधं लवकर उतरतात, हिशेब बदलतो. झोपेची गोळी, चिंतेची गोळी, खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप, वैद्यांकडची पुडी, सगळं पिशवीत घालून न्या. वैद्यांचं औषध म्हणजे औषधच नव्हे, अशी समजूत आपल्याकडे फार आहे.

मोठ्या माणसाचं ऑपरेशन असेल तर फेणी, बिअर, गांजा, जे असेल ते खरं सांगा. रोज घेणाऱ्याला भुलीची औषधं जास्त लागू शकतात. एकदम सोडलं तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरणं, बडबडणं सुरू होतं ते वेगळंच. बायको शेजारी बसलेली असताना ही माहिती कधी खरी मिळत नाही. डॉक्टरांना एकट्याने भेटून सांगा. आम्ही पोलीस नव्हे.

मुलाला कमी ऐकू येत असेल, चष्म्याशिवाय दिसत नसेल, शिकण्यात अडचण असेल, तर टेस्टचा बेतच बदलतो. ऐकू न येणाऱ्या मुलाबरोबर स्पर्शाची खूण ठरवता येते: हाताला दोनदा थोपटलं की मूठ, पोटरीला थोपटलं की पाऊल. सेरेब्रल पाल्सीमध्ये किंवा फारच लहान मुलात टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे मशीनवरच विसंबावं लागतं. डुशेनसारखा स्नायूंचा आजार असेल तर त्याची कागदपत्रं सगळ्यांत वर ठेवा, कारण त्यात भुलीची काही औषधं अजिबात चालत नाहीत.

मग भाषा. आपल्याकडे एकाच पोराची घरात कोंकणी, मराठी शाळेत मराठी, पुढे हायस्कुलात इंग्रजी असं सर्रास असतं. ओटीतला भूलतज्ज्ञ मल्याळी असेल, सिस्टर कारवारची असेल, मणिपालला गेलात तर आजूबाजूला कन्नड आणि तुळू असेल. शुद्धीत असताना पोर इंग्रजीत फडाफडा उत्तरं देतं, पण अर्धवट गुंगीत ‘मूव्ह युअर फीट’ त्याच्या कानावरून निघून जातं. घरी जे शब्द वापरता तेच तिथे वापरले जायला हवेत. ‘पाय हलव’ असेल तर ‘पाय हलव’, ‘पांय हालय’ असेल तर ‘पांय हालय’. एका कागदावर चार वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहा. भूलतज्ज्ञांना आपली लिपी येत नसेल तर वाक्यं त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या आणि त्यांना समजेल अशा लिपीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. कागद फाइलला टाचा. कागदावर मुलाचं घरचं नावही हवं. ज्याला जन्मल्यापासून बाबू म्हणताय त्याला गुंगीत जन्मदाखल्यावरच्या नावाने दहा हाका मारल्या तरी तो हलत नाही, आणि ‘बाबू’ म्हटलं की एका हाकेत डोळे किलकिले करतो.

घरची तालीम

आधी डॉक्टरांना विचारा की मुलाला पालथं झोपवायला हरकत आहे का. मणक्याचा क्षय असेल, मणका अस्थिर असेल किंवा पायात आधीच अशक्तपणा असेल, तर पालथं न झोपवता पाठीवर झोपवूनच तालीम करा.

परवानगी मिळाली की चटईवर छातीखाली एक उशी, कमरेखाली एक उशी, तोंड खाली, पोट मोकळं. ऑपरेशनच्या टेबलावर जवळपास असंच झोपवतात. डोळे मिटायचे, कारण तिथे डोळ्यांवर पट्टी असते. बोलायचं नाही, कारण श्वासाची नळी स्वरतंतूंमधून गेलेली असते आणि आवाज निघत नाही. हा मुद्दा मुलांना नक्की सांगा. जागं होऊन ओरडायला जावं आणि आवाजच येऊ नये, यानेच ती सगळ्यांत जास्त घाबरतात. ‘तुझा आवाज गेलेला नसेल, नळी आहे म्हणून येत नसेल, नळी काढली की येईल’ इतकं पुरतं.

आता डोक्याशी बसून, हळू आवाजात, घाई न करता चार वाक्यं म्हणा. घरचं नाव घेऊन: मी डॉक्टर बोलतोय, तू बरा आहेस. माझी बोटं दाब. आता दोन्ही पाय हलव. छान, आता झोप.

क्रम हाच ठेवा. हात आधी का, ते मुलालाही सांगा: हात दाबला म्हणजे त्याला ऐकू आलं, कळलं आणि तो जागा आहे, एवढं सिद्ध होतं. त्यानंतरच पायाच्या हालचालीला अर्थ येतो. पाय म्हणजे पावलं आणि बोटं, गुडघ्यातून लाथ नव्हे. पाऊल वरखाली, मग बोटं, मग एकेक बाजू. जोरात झटका मारला की कमर उचलली जाते, ते नको. मान वळवायची नाही, उठायला बघायचं नाही, खोल श्वास ओढायचा नाही.

रोज झोपायच्या वेळी एकदा, आठवडाभर. दोन मिनिटांचं काम आहे. मोठ्या बहिणीला डॉक्टर होऊ दे, आजीला होऊ दे, वेगवेगळ्या आवाजांची सवय लागते. एखाद्या रात्री मूल खरंच पेंगुळलेलं असताना करून बघा, ती खरी परीक्षा. चौदा-पंधरा वर्षांची पोरं लाजतात, ‘कळलं मला’ म्हणून टाळतात. त्यांच्याकडून निदान तीनदा तरी करून घ्या.

दुखेल का, या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. पाठीवर दाब किंवा ओढ जाणवेल, कदाचित काहीच आठवणार नाही, आणि पाय हलवले की लगेच परत झोप येईल, हे खरं उत्तर. ‘तुला काही कळणारसुद्धा नाही’ असं सांगून ओटीत पाठवलेलं मूल मधेच भानावर आलं तर त्याला वाटतं, काहीतरी बिघडलं.

आदला दिवस आणि सकाळ

उपाशी राहण्याचे नियम वॉर्डातून सांगतात: घन पदार्थ आणि दूध सहा तास आधी बंद, तळकट असेल तर आठ, स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत. घोटाळा होतो तो पेजेवर. पेज पातळ असली तरी तिच्यात शितं असतात, ती जेवणात मोजायची. नारळाच्या रसाची सोलकढी पाणी नव्हे, दुधाचा चहाही नव्हे. शहाळ्याचं पाणी चालेल का, ते वॉर्डात विचारून घ्या.

नखांचं पॉलिश हातापायाचं दोन्ही काढा. पैंजण, पायातला काळा दोरा, कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत, सगळं घरीच उतरवा किंवा आईच्या मुठीत द्या. मंगेशीचा किंवा शांतादुर्गेचा अंगारा कपाळाला लावून न्यायला कुणाची ना नाही, पण तो पुडीत बांधून उशीखाली ठेवलेला ओटीत येत नाही. हलणारे दात असतील तर दाखवा. मॉनिटरिंगच्या करंटने जबडा आवळला जातो, जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवतात.

दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्याची मुदत आणि पॅकेजात इम्प्लांट व न्यूरोमॉनिटरिंगचा खर्च धरलाय का, हे दाखल होण्याआधी काउंटरवर तपासा. रक्तदात्यांची सोयही तेव्हाच.

ओटीत नेण्याआधी, मिडाझोलामच्या आधी, एकदा शेवटची तालीम. भूलतज्ज्ञांना म्हणा, तुम्हीच हाक मारून बघा. दुपारी त्याच आवाजात हाक ऐकू आली की मूल ओळखतं. आम्हालाही त्याचा हात कसा दाबला जातो ते कळलेलं असतं. एखाद्याचा डावा हात मुळातच हलका असतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

आत काय होतं

सर्जन साधारण अर्धा तास आधी सांगतात. स्नायूंचं औषध उतरलंय का ते तपासतात, प्रोपोफॉल खाली आणत बंद करतात, गॅस असेल तर काढतात. मेंदूची जाग मोजणारा बीआयएसचा आकडा, जो भुलीत 40 ते 60 च्या आसपास असतो, वर चढू लागतो. त्याआधी जखम सलाईनने भिजवून ओल्या पॅडने झाकलेली असते. पालथ्या पेशंटने उघड्या जखमेसकट खोल श्वास ओढला तर शिरांत हवा शिरण्याचा धोका असतो, त्याची ती खबरदारी. एक जण डोकं आणि नळी धरतो, दोघं हात सांभाळतात, एक जण चादर सारून नुसता पावलांकडे बघत बसतो. सक्शन बंद, गाणी बंद, गप्पा बंद.

मग हाक. कधी पाच मिनिटांत प्रतिसाद येतो, कधी वीस लागतात. आधी श्वासाचा ठेका बदलतो, भुवई हलते, मग माझ्या बोटांभोवती त्याची बोटं आवळली जातात. ‘आता पाय’ म्हटल्यावर पायाशी बसलेला माणूस मोठ्याने सांगतो: उजवा आला. आणि मग, कधी कधी जिवाला घोर लावण्याइतक्या उशिराने: डावा आला. त्याच क्षणी पंप परत चालू.

धोके आहेत, ते संमतीपत्रावरही असायला हवेत. मूल झटक्यात उठलं तर नळी निघू शकते, शिरेतली सुई निघू शकते, स्क्रू ओढला जाऊ शकतो. वरची सगळी तालीम त्यासाठीच.

हात दाबला पण पाय हलला नाही, तर एकदा-दोनदा परत सांगतात. तरी नाही, तर पुढचं काम ठरलेलं असतं: रक्तदाब वाढवायचा, हिमोग्लोबिन आणि तापमान बघायचं, दांडीचा ताण सैल करायचा, एखादा स्क्रू संशयास्पद असेल तर काढायचा, आणि पुन्हा तपासायचं. अशा दिवशी बाक पूर्ण सरळ न करताच ऑपरेशन थांबवतात. बाहेर बसलेल्यांना हे अपयश वाटतं. मला तो त्या दिवशीचा सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. दहा अंश कमी सरळ झालेली पाठ घेऊन माणूस चालू शकतो.

बाहेर तुम्हाला उशीर जाणवेल. टेस्ट झाली तर वेळ वाढतोच. निरोप आला नाही म्हणून दर दहा मिनिटांनी ओटीचं दार वाजवू नका. आधीच विचारून ठेवा की निरोप कोण आणि कधी देणार.

नंतरचे दिवस

टेबलावर पाय हलले म्हणजे विषय संपला असं नाही. मज्जारज्जूचा त्रास क्वचित काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही दिसू लागतो. म्हणून पहिल्या 48 तासांत सिस्टर पुन्हा पुन्हा उठवून पाय हलवायला लावतात. पोराची झोपमोड होते म्हणून त्यांना अडवू नका. वेदनाशामकाने गुंगलेलं असेल तर तुम्हीच त्या चार वाक्यांपैकी दोन म्हणा, प्रतिसाद लवकर येतो. पाय जड वाटतो, मुंग्या येतात, एका बाजूला कमी हलतोय, लघवीची नळी काढल्यावर लघवी होत नाही, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट न बघता तेव्हाच सांगा. घरी आल्यावर असं झालं, किंवा ताप आणि जखमेतून पाणी आलं, तर हॉस्पिटलला फोन करा, गरज पडली तर 108.

काही मुलांना ती हाक आठवते. बहुतेक जण ‘कुणीतरी हात धरला होता’ इतकंच सांगतात. ‘छे, स्वप्न पडलं असेल’ म्हणून उडवू नका. ऐकून घ्या आणि भूलतज्ज्ञांना कळवा, ते येऊन काय झालं होतं ते नीट सांगतील. आठवण दुखण्याची असेल, रात्री दचकून उठणं किंवा पालथं झोपायला घाबरणं महिनाभर चालू राहिलं, तर समुपदेशकाची मदत घ्या.

डिस्चार्जच्या वेळी भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्या. कुठली औषधं दिली, जाग यायला किती वेळ लागला, नळी घालताना अडचण आली का, कुठल्या औषधाने पुरळ उठलं, हे त्यात असतं. दांड्या बसवलेल्या पाठीवर पुढे कधी सिझेरियनची किंवा हर्नियाची वेळ आली तर कमरेत भुलीचं इंजेक्शन देता येईल का हे ठरवायला ही नोंद आणि शेवटचा एक्स-रे लागतो. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा, मूळ प्रत जन्मदाखल्याच्या फाइलीत.